उणे बावीस आणि हीटरची कोमट हवा

गाडीचा हीटर साफ बंद पडला असता तर सोपं गेलं असतं. बंद पडलेली वस्तू माणूस मुकाट्याने दुरुस्तीला टाकतो. आमचा हीटर चालू होता, ब्लोअर जोरात घोंघावत होता, सगळी बटणं लागत होती, फक्त हवा कोमट यायची. इथे कॅनडात, कॅल्गरीत ऑक्टोबरभर तेवढ्यावर भागतं. डिसेंबरात बाहेर उणे २२ झालं की भागत नाही. स्वयंपाकघरातला, मांस शिजलं का बघायचा सुईवाला थर्मामीटर मी व्हेंटमध्ये खोचला, तर आकडा २७ वर थांबला. २७ अंश म्हटलं की आपल्याला पुण्यातली प्रसन्न सकाळ आठवते, पण चारही बाजूंनी गोठलेल्या काचा असलेल्या डब्यात २७ अंशांची हवा सोडली तर ती पायापर्यंत पोचेतो थंड होते. ठणठणीत हीटर ५० ते ६० च्या दरम्यान हवा देतो.

थंडी एकवेळ सोसता येते, कोट घालून बसता येतं. खरा प्रश्न काचेचा. आपला श्वास विंडशील्डला आतून लागतो, तिथेच गोठतो, आणि वायपर तर बाहेरच्या बाजूला. डिअरफूट हायवेवर शंभरच्या वेगाने जाताना जुन्या लायब्ररी कार्डाने आतली काच खरवडणं हा काही गाडी चालवायचा प्रकार नव्हे. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं तर थोडी ऊब वाढायची, पण आतली वाफही आतच राहायची आणि काच दुप्पट वेगाने धुरकट व्हायची.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, हीटर कोअर गेलाय, बदलावा लागेल, साधारण बावीसशे डॉलर. त्यात मूळ वस्तू दीडदोनशेचीच, बाकी सगळी मजुरी, कारण कोअर डॅशबोर्डच्या पोटात असतो आणि तिथे पोचायला स्टिअरिंगपासून सगळं उतरवावं लागतं. गाडीची स्वतःची किंमत तेव्हा फार तर पाच हजार. मी विचारलं, कोअर गळतोय का? नाही म्हणाले. मग गेलाय म्हणजे नेमकं काय झालंय? यावर उत्तर असं काही आलं नाही. कोअर फुटला की तीन खुणा दिसतात: गाडीत गोडसर वास, समोर पाय ठेवायच्या जागी ओला कार्पेट, आणि काचेवर आतून पुसली न जाणारी चिकट पापुद्र्यासारखी ओल. आमच्या गाडीत यातलं एकही नव्हतं. मी गाडी घेऊन घरी आलो.

हे यंत्र तसं भाबडं आहे. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवत फिरणाऱ्या पाण्यातून, बाहेर फेकली जाते. त्याच तापलेल्या कूलंटची एक धार दोन रबरी होज पाइपांमधून केबिनकडे वळवतात, डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर असतो त्यातून फिरवतात, आणि मागून पंखा लावतात. तो छोटा रेडिएटर म्हणजेच हीटर कोअर. म्हणजे हीटरला वेगळं पेट्रोल लागत नाही, वाया जाणारी उष्णता आपण वापरतो. (बॅटरीवरच्या गाड्यांची हिवाळ्यात रेंज पडते त्यामागे हेही एक कारण आहे. तिथे फुकट उष्णता फारशी नसते, ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते.) तेव्हा हवा कोमट येत असेल तर शक्यता मोजक्याच. इंजिनच पुरेसं तापत नसेल. तापत असेल, पण गरम पाणी कोअरपर्यंत पोचत नसेल. पोचत असेल, पण हवा त्याच्यावरून जात नसेल. एवढंच.

माझे मामा गडहिंग्लजजवळ गॅरेज चालवतात, ट्रक आणि ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर. रात्री त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुणीतरी घण मारत होतं.

"मामा, गाडीचा हीटर नीट चालेना झालाय."

"आरं हीटर कशाला पायजे तुला?" मग आठवलं त्यांना. "हां हां, तुमच्याकडं बर्फ. किती हाय आज?"

"उणे बावीस."

"मर लेका," मामा म्हणाले आणि हसले. "आमच्याकडं हीटर लावतोय कवा, तर करूळ घाट चढताना काटा वर गेला की. खिडक्या उघड्या टाकायच्या आन् हीटर फुल्ल. तेवढंच इंजिन जरा गार हुतंय. हीटरची कॉईल गळाय लागली तर दोन्ही पाइपा एकमेकाला जोडून बायपास मारून टाकायचा, काम खलास. आन् थर्मोस्टॅटचा वॉल तर आमची पोरं गाडी तापली की काढून फेकूनच देत्यात."

"फेकलेला चालतो?"

"चालत न्हाय. पर गिऱ्हाइकाला काटा खाली दिसला की बरं वाटतंय. तू एक कर, आधी वॉलच बघ. तुझं पाणी तापतंय का? काट्यावर जाऊ नगंस, काटा लबाड असतोय."

काटा लबाड असतो हे अक्षरशः खरं आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा तो काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. कूलंट ७५ असो की १०५, काटा मध्यावरच, म्हणजे चालवणारा उगाच घाबरू नये. आमचा काटा मध्याच्या केसभर खाली असायचा आणि मी त्याला ठीक समजून चाललो असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, तीस डॉलरला मिळतो, तो फोनवर खरा आकडा दाखवतो. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो लावला. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत कूलंट हळूहळू ८० पर्यंत गेलं. डिअरफूटवर चढलो आणि आकडा उतरायला लागला: ७६, ७१, ६७. तिथे स्थिर झाला. इंजिनचा पिवळा दिवा अजून पेटला नव्हता, पण रीडरच्या प्रलंबित यादीत पी०१२८ हा कोड येऊन बसला होता. इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उभ्या गाडीत तापतं आणि वेगात थंड होतं, ही उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची खूण. मामांचा 'वॉल' म्हणजे हाच व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅटने बंद राहायचं असतं, म्हणजे कूलंट इंजिनातच घुटमळतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला, आमच्या गाडीत ८२ ला, तो उघडायला लागतो आणि मग पाणी पुढच्या रेडिएटरकडे जातं. तो कायमचा उघडा असला तर उणे वीसचा वारा समोरच्या रेडिएटरमधून उष्णता ओढून नेत राहतो. घरी हे तपासायला काहीच लागत नाही. सकाळी थंड गाडी सुरू करायची आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड होजवर हात ठेवायचा. तो बराच वेळ गार राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. आमचा पहिल्या मिनिटापासून कोमटत गेला.

इथे थांबून थर्मोस्टॅट मागवता आला असता. पण एक गोष्ट खटकत होती. उभ्या गाडीत कूलंट ८० असतानाही व्हेंटची हवा २५ च्या वर जात नव्हती, उलट हायवेपेक्षा थोडी कमीच. दोष फक्त थर्मोस्टॅटचा असता तर पाणी तापल्यावर हवाही तापायला हवी होती. म्हणून पुठ्ठ्याचा प्रयोग केला. हा इकडचा जुना गावठी उपाय, प्रेअरीतले, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखातले, शेतकरी पिकअपच्या तोंडाला सर्रास पुठ्ठा लावतात. खोक्याचा तुकडा कापून रेडिएटरच्या पुढे सरकवला, साधारण दोन तृतीयांश झाकेल असा. हायवेवर कूलंट ६७ ऐवजी ८१ वर टिकलं. आणि व्हेंटची हवा? २७ ची ३२ झाली. चौदा अंशांनी पाणी तापलं आणि हवेला मिळाले पाच. म्हणजे थर्मोस्टॅटच्या मागे आणखी काहीतरी दडलेलं होतं. (पुठ्ठा लावून विसरू नये. इकडे दोन दिवसांत हवा फिरते आणि तोच पुठ्ठा इंजिन उकळवतो.)

मग हवेचा रस्ता. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो, तो काढला. पॉप्लरची पानं, स्प्रूसच्या सुया आणि धूळ, पण अगदी चोकअप नव्हता. नवीन टाकला, वारा थोडा वाढला, तापमान तेच. त्यानंतर गरम-थंड मिसळणारं झाकण. डॅशबोर्डच्या आत एक पाखं असतं, ते हवा कोअरवरून न्यायची की बाजूने, ते ठरवतं. ते एका छोट्या मोटरने हलतं आणि तिचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की आतून टकटक असा आवाज येतो. मी शेजारच्या सीटच्या पायाशी डोकं घालून झोपलो आणि बायकोला नॉब इकडून तिकडे फिरवायला सांगितलं. बारीक घुंईऽऽ आणि शेवटी मऊ ठप्प, दोन्ही बाजूंना. पाखं नीट फिरत होतं. "असाच झोप थोडा वेळ," ती म्हणाली, "निदान शांत तरी आहेस."

उरला पाण्याचा रस्ता. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, दोन होज आत जातात. एक नेतो, एक आणतो. इंजिन तापल्यावर दोन्हीवर हात ठेवून बघायचा, की कळतं. मी लेझरवाला थर्मामीटर वापरला, पण तो काळ्या रबरावरच धरायचा. चकचकीत धातूवर धरला तर तो भलतेच आकडे सांगतो. आत जाणारा होज ७८, बाहेर येणारा ३६. निरोगी गाडीत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. इथे बेचाळीस. पाणी आत जात होतं, पण इतक्या सावकाश की कोअरच्या पहिल्या काही नळ्यांतच त्याची सगळी ऊब संपायची. व्हेंटांनीही तेच सांगितलं, चालवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे, हवा उजवीकडच्यापेक्षा थंड. कोअर अर्धवट तुंबला होता. गॅरेजवाले अगदीच चुकीचं बोलले नव्हते. पण तुंबलेली वस्तू आणि गेलेली वस्तू यांत दोन हजार डॉलरचं अंतर असतं.

तुंबायला कारण काय? थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून आत बघितलं. (गरम गाडीत ते झाकण कधीही उघडायचं नाही, दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं.) पातळी ठीक होती, पण कूलंट हिरवं असायच्या ऐवजी मळकट तपकिरी, आणि त्यात बारीक चमचमणारे कण. झाकणाच्या आतल्या बाजूला बोटाने पुसलं तर राखाडी गाळ हाताला आला. गळती थांबवायची पावडर! रेडिएटरला बारीक भोक पडलं की लोक दहा डॉलरची बाटली आणून ओततात. त्यात तंतू, धातूचे कण असतात, काही गोळ्यांत तर चक्क आल्याच्या मुळांचा भुगा असतो. भोकाशी जाऊन अडकायचं हे त्याचं काम. अडचण अशी की भोक आणि कोअरची अरुंद नळी यांतला फरक त्या भुग्याला कळत नाही. गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने कधीतरी ओतली असणार. कदाचित विकायच्या आदल्याच आठवड्यात. तेवढं वाईट मी बोलणारच.

काम उघड्यावर, घरासमोरच्या ड्राइव्हवेत करायचं होतं, कारण आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं आहे. उणे वीसमध्ये ओल्या हाताने पाना धरता येत नाही. त्यामुळे चिनूकची वाट बघितली. रॉकी पर्वतावरून खाली उतरताना कोरडा होऊन तापलेला हा वारा आला की कॅल्गरीचं तापमान एका दिवसात वीस-पंचवीस अंशांनी चढतं. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची भलीमोठी कमान दिसते, तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी, काही लोकांचं त्या दिवशी डोकं दुखतं आणि उरलेले टी-शर्टवर बाहेर पडतात. जानेवारीत अशी कमान दिसली, शनिवारी अधिक सात होतं. छपरांवरून पाणी गळत होतं. मी सुट्टे भाग आधीच आणून ठेवले होते: थर्मोस्टॅट, गॅस्केट, रेडिएटरचं झाकण, दोन हीटर होज, क्लिपा आणि कूलंट.

आधी सगळं कूलंट खाली थाळ्यात काढलं. त्याला गोड चव असते आणि ते जहाल विष आहे. शेजाऱ्यांचा कुत्रा वास घेत आलाच, त्याला हाकलून थाळा लगेच कॅनमध्ये रिकामा केला. (ते गटारात ओतायचं नसतं. नंतर कॅन स्पायहिलच्या लँडफिलवर नेऊन घरगुती घातक कचऱ्यात दिले.) थर्मोस्टॅटचं घर दोन बोल्टवर असतं, दहाचा पाना लागतो. उघडलं तर मामांचा वॉल समोर. थंडगार, आणि तरीही काडेपेटीची काडी जाईल इतकी फट उघडी. फटीत तोच राखाडी गाळ घट्ट बसलेला. बंद व्हायच्या जागेवर गाळ, म्हणून पूर्ण मिटेना. म्हणजे वेगात इंजिन थंड होणं आणि कोअर तुंबणं, दोन्ही दुखणी एकाच बाटलीतून आली होती.

नवा थर्मोस्टॅटही मी तपासूनच बसवला. जुन्या पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. ८२ ला तोंड किलकिलं झालं आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडला. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून १०४५ मीटरवर आहे, इथे पाणी सत्त्याण्णवच्याही अलीकडे उकळतं, त्यामुळे ही चाचणी जेमतेम बसते. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. ती वरच्या बाजूला ठेवून बसवायची, अडकलेली हवा तिथून निसटते. जुनं झाकणही बदललं. त्यावरचा १.१ हा आकडा दाबाचा. तेवढा दाब धरला की कूलंटचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. जुन्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं.

सगळ्यात जिवावरचं काम हीटरचे होज काढायचं. फायरवॉलमधून बाहेर आलेली नळीची दोन टोकं थेट कोअरला जोडलेली असतात, पातळ ॲल्युमिनियमची. त्यावर बारा वर्षांचं रबर चिकटलेलं. इथे जोर लावून ओढलं आणि नळी वाकली किंवा चिरली, की मग मात्र खरोखरच डॅशबोर्ड उतरवायचा. स्प्रिंगची क्लिप लांब पकडीने दाबून मागे सरकवली आणि होज हलका पिळून बघितला, जागचा हलेना. ब्लेड घेतलं आणि होजला लांबीच्या दिशेने चीर दिली, अगदी हलक्या हाताने, रबर कापलं जाईल पण नळीवर ओरखडा उठणार नाही एवढीच. मग अंगठ्याने चीर उघडत साल सोलल्यासारखा होज उतरवला. होज वीस डॉलरला मिळतो. त्याची दया करू नये.

दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या जोडल्या, म्हणजे आतून काय येतंय ते दिसतं. बाहेरचा नळ हिवाळ्यात आतूनच बंद करून ठेवावा लागतो, नाहीतर पाइप फुटतो. त्यामुळे तळघरात पाणी शिरलं तर म्हणून आणलेला छोटा पंप कामाला लावला. घरातून कोमट पाण्याच्या बादल्या, बायको आत, मी बाहेर. आधी नेहमीच्या दिशेने पाणी सोडून बघितलं. दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी धार. चार लिटरचा कॅन भरायला तीन मिनिटं लागली. मग नळ्या अदलाबदल करून उलट दिशेने पाणी सोडलं. क्षणभर काहीच नाही. मग आतून दोन ढेकर आल्यासारखे आवाज आले आणि पारदर्शक नळी एकदम काळपट झाली. तंतू, गंजाचे पापुद्रे, चमचमणारे कण, आणि नखाएवढे राखाडी गोळे. बादलीच्या तळाशी बोटभर गाळ. दिशा बदलत राहिलो, सुलट, उलट, सुलट. प्रत्येक बदलाला थोडं नवीन काहीतरी सुटून यायचं. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह झाला होता, शेजाऱ्याने मशीन देऊही केलं, पण त्या दाबाने कोअरचे सांधे सुटतात.

पाणी जवळपास स्वच्छ यायला लागल्यावर लिंबूसत्त्व घेतलं. आपण ढोकळ्यात घालतो तेच. पंजाबी दुकानात पुडी मिळते. अगदी सौम्य द्रावण, कोमट पाण्यातून अर्धा तास फिरवलं. ॲल्युमिनियम असल्याने जास्त तीव्र नाही, जास्त वेळही नाही. गंजाचा तांबूस रंग पुन्हा उतरला. त्यानंतर भरपूर साधं पाणी, आणि शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरने, कारण कॅल्गरीचं नळाचं पाणी जड आहे आणि त्यातले क्षार पुन्हा आत सोडण्यात अर्थ नव्हता. शेवटी चार लिटरचा कॅन चाळीस सेकंदांत भरला.

कूलंट भरताना एक हिशेब सांभाळावा लागतो. धुतल्यानंतर इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत बरंच पाणी उरतं. त्यात पन्नास-पन्नासचं तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं आणि पहिल्याच कडाक्याच्या रात्री आत बर्फ होण्याची भीती. म्हणून आधी शुद्ध कूलंट, एकूण मापाच्या निम्मं, आणि मग उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू साधारण उणे ३७. मी साठ टक्क्यांपर्यंत नेलं, तो उणे पन्नासच्या आसपास जातो. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं मात्र नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मूळ रसायन, उणे १३ च्या सुमारासच गोठतं, पाण्याच्या सोबतीनेच ते इतकं खाली उतरतं. दुकानात थेंब ठेवून बघायची छोटी दुर्बीण मिळते, तिच्यात रेघ बघून खात्री केली.

मग हवा काढणं. कोअर इंजिनाच्या वरच्या पातळीला असला की त्यात हवेचा फुगा अडकतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. गाडीचं तोंड रॅम्पवर चढवलं, रेडिएटरच्या तोंडाला घट्ट बसणारं मोठं नरसाळं लावलं, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात हळू. इंजिन सुरू केलं आणि नरसाळ्यात बुडबुडे यायला लागले. बायको दोन हजारावर रेस धरून होती, मी हातमोजे घालून वरचा होज दाबत होतो. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत होता, तो म्हणजे कोअरमधली हवा. रेडिएटरचा पंखा एकदा लागला, थांबला, पुन्हा लागला, तेव्हा खळखळ बंद झाली आणि बुडबुडे थांबले. ते थांबले याचा मला दुहेरी आनंद, कारण बुडबुडे येतच राहिले तर ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधली सील, गेल्याचं लक्षण असू शकतं. तरी मनाची शांती म्हणून दुकानातून डिपॉझिटवर गॅस्केट तपासायचा संच आणला. त्यातल्या निळ्या द्रवातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढायची, जळालेला वायू लागला तर ते पिवळं होतं. निळंच राहिलं.

चिनूक गेला, दोन दिवसांत पुन्हा उणे १८. डिअरफूटवर कूलंट ८४ ते ८६ च्या मध्ये, पुठ्ठा नाही. आत जाणारा होज ८२, बाहेर येणारा ६८. उजव्या व्हेंटची हवा ५७, डाव्याची ५१. ऑफिसला पोचायच्या आत मी कोट काढला होता.

आठवड्याभरात सकाळी पार्किंगच्या बर्फावर हिरवे थेंब दिसायला लागले. ते येणारच होते. पावडर उगाच कुणी ओतत नाही. ज्या गळतीसाठी ती ओतली होती, ती आम्ही धुऊन मोकळी केली. टॉर्च घेऊन खाली झोपलो तर रेडिएटरचा प्लॅस्टिकचा टँक ज्या शिवणीवर ॲल्युमिनियमला चेपलेला असतो तिथून पाझर होता. नवा रेडिएटर दोनशे डॉलरच्या आत आला आणि बदलायला एक दुपार गेली. मामांना फोटो पाठवला तर त्यांचा आवाजी निरोप आला, "आरं तिथं जरा एम-सील लावून बघायचंस की." मी पाठवलं, मामा, त्या बाटलीनेच तर एवढं सगळं झालं. त्यावर अंगठा आला.

डावं व्हेंट अजून उजव्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंडच आहे. कोअरमधल्या एक-दोन नळ्या बहुतेक कायमच्या बुजल्या आहेत. सप्टेंबरात बाहेरचा नळ चालू असतानाच आणखी एकदा उलटं पाणी मारून बघणार आहे. नाही सुटल्या तर राहू देत. डावीकडे मीच बसतो.